जुन्या ट्रकच्या दाराची काच आणि रबर: आधी दार, मग काच, रबर शेवटी

दारातून पाणी येतं, वाऱ्याची शिट्टी वाजते, काच खडखडते, म्हणून बहुतेक जण सगळ्यात आधी नवं रबर आणून चिकटवतात. पहिल्या मोठ्या पावसात पाय पुन्हा ओले होतात आणि शिव्या रबराला बसतात. खरं तर दार बिजागरीवर लोंबलेलं असतं, निचऱ्याची भोकं चिखलाने बुजलेली असतात, नाहीतर दाराला आतून लावलेल्या पुठ्ठ्याच्या पॅडमागचं प्लॅस्टिक आधीच्या कुणीतरी फाडून टाकलेलं असतं. नवं रबर यातलं काहीच दुरुस्त करत नाही.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात शिरणारच, दार तसंच बनवलेलं असतं. फटीतल्या पट्ट्या ते पाणी कमी करतात, थांबवत नाहीत. आत शिरलेलं पाणी पत्र्यावरून ओघळत तळाशी जातं आणि तिथल्या भोकांतून बाहेर पडतं. म्हणजे केबिनमध्ये पाणी यायला दोन वेगळ्या वाटा आहेत. एक दाराच्या कडेने, रबर चुकवून. दुसरी दाराच्या पोटातून, पॅडच्या मागून. तुमच्याकडे कुठली वाट उघडी आहे हे कळेपर्यंत एक इंचही रबर विकत घेऊ नका.

पुढचं सगळं हाताने फिरवायच्या हँडलच्या दाराला धरून लिहिलं आहे. पॉवर विंडो असेल तरी क्रम हाच. फक्त आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

## १. रोग ओळखा

यासाठी दोन माणसं लागतात. एक बाहेर पाण्याची नळी धरून, दुसरा केबिनमध्ये टॉर्च घेऊन. नळीला नोझल नको, पाणी नुसतं वाहतं हवं. सुरुवात दाराच्या खालच्या कडेपासून करा आणि हळूहळू वर सरका. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं तरी पाणी सोडा. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळतं आणि भलतीच जागा गळते आहे असं वाटतं.

आत पाणी कुठे दिसलं यावरून बरंच कळतं:

- पॅडच्या खालच्या कडेतून किंवा पॅडच्या कापडावर ओल: आतलं प्लॅस्टिक फाटलंय किंवा भोकं तुंबली आहेत.
- उंबऱ्यावर, दार आणि बॉडीच्या मधून: दाराचं रबर किंवा दाराची बसण.
- वरच्या कोपऱ्यातून थेंब: कोपऱ्यातलं रबर उचललं गेलंय, किंवा फेल्ट चॅनल (काच ज्यातून सरकते ती मखमली खोबण) तिथे तुटलंय.
- दाराच्या पुढच्या लहान तिकोनी काचेच्या खालच्या टोकातून: तिचं स्वतःचं रबर.

एक फसवी जागा सांगून ठेवतो. पायाशी पाणी साचलं म्हणजे दारच गळतंय असं नाही. समोरच्या काचेचं रबर गळत असेल तर पाणी खांबाच्या आतून उतरतं आणि थेट दाराच्या उंबऱ्याशी येतं. नळी दारावर असताना आत कोरडं राहिलं आणि पुढच्या काचेवर धरताच ओल आली, तर हा लेख बाजूला ठेवून आधी ती काच बघा.

काचेचंही असंच. हँडल फिरवताना काच जड जाते, ती बहुतेक वेळा चॅनल सुकल्यामुळे किंवा गंजून फुगल्यामुळे. तिरकी वर चढत असेल, तर चॅनल झिजलंय किंवा रेग्युलेटरचा (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा) रोलर खाचेतून सुटलाय. हँडल फिरतंय पण काच हलत नाही, तर काच तिच्या खालच्या लोखंडी चॅनलमधून निसटली आहे किंवा दात गेले आहेत. पूर्ण बंद असताना खडखड नाही पण अर्धी उघडी असताना आहे, तर फेल्ट संपलं.

इशारा: या तपासणीला प्रेशर वॉशर वापरू नका. त्या जोराने चांगलं रबरही गळतं.

## २. दार सरळ करा, तेही जुनं रबर काढून

ही पायरी गाळली जाते, म्हणून बाकीची मेहनत वाया जाते.

दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला खालून दोन्ही हातांनी धरा आणि वर उचला. दार नुसतं वर-खाली हललं तर बिजागरीकडे बघा. पिन आणि बुश झिजले असतील तर खेळ तिथेच दिसेल. बिजागरीचे बोल्ट ढिले असतील तर अख्खी बिजागरी खांबावर हलताना दिसेल. बोल्ट आवळून भागलं तर उत्तम. पिन झिजली असेल तर पिन-बुश बदला. लोंबणारं दार स्ट्रायकर (खांबावरचा, दाराचं लॉक ज्यात अडकतं तो तुकडा) खाली सरकवून "बसवणं" हा जुगाड आहे. दार बंद होतं, पण वरच्या मागच्या कोपऱ्यात फट तशीच राहते आणि ती कुठलंही रबर भरत नाही.

मग दाराचं जुनं रबर काढा. ते फेकू नका, शेवटपर्यंत लागणार आहे. रबराशिवाय दार बंद करा आणि चारी बाजूंची फट बघा. लॉक लागताना दार वर उचललं जातंय का, की खाली दबतंय? दोन्ही नको. स्ट्रायकरच्या भोवती पेन्सिलने रेघ मारा, बोल्ट इतकाच सोडा की हलक्या ठोक्याने स्ट्रायकर सरकेल, आणि थोडा थोडा सरकवत दार सरळ आत जाईपर्यंत बघा.

आता आतली फट मोजायची. तेलकट चिकणमातीच्या लहान गोळ्या करा, प्रत्येक गोळी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि जिथे रबर बसणार त्या जागी आठ-दहा ठिकाणी चिकटवा. दार नेहमीच्या जोराने बंद करून उघडा. दबलेल्या गोळीची जाडी म्हणजे त्या जागची खरी फट. आकडे दाराच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपवर लिहून ठेवा. पोकळ रबराचा फुगा साधारण एकतृतीयांश दबला की बसण बरोबर. त्याहून कमी दबला तर गळेल, निम्म्याहून जास्त दबला तर दार आपटावं लागेल.

तपासा: पुढे ५ मिमी आणि मागे १२ मिमी असे आकडे आले तर रबर निवडायला अजून वेळ आहे. दार पुन्हा सरळ करा.

## ३. सामान आणि मापं

रबर फोटो पाहून घेऊ नका. जुन्या रबराचा, जो भाग सगळ्यात कमी दबलेला आहे तिथला (सहसा बिजागरीच्या बाजूचा, खालचा), सेंटीमीटरभर काप काढा आणि त्याचा छेद कागदावर उतरवा. पाया किती रुंद, फुगा किती उंच, ओठ कोणत्या बाजूला, हे तिथे दिसतं. दाराचं रबर ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या स्पंजचं घ्या. ऊन आणि पाणी दोन्ही ते बराच काळ सोसतं.

लांबी जुन्या रबरावरून मोजू नका, ते आकसलेलं असतं. चौकटीवरून सुतळी फिरवा आणि ती मोजा.

काचेची जाडी व्हर्नियरने मोजा, कारण फेल्ट चॅनल आणि खालच्या चॅनलमधली रबरी पट्टी दोन्ही त्यावर ठरतात. काच बदलायची असेल तर आधी ती कोणत्या प्रकारची आहे हे बघा. कोपऱ्यात छापलेल्या खुणेवरून कळतं. लॅमिनेटेड सपाट काच कापून मिळते. टफन्ड काच कापता, घासता किंवा भोक पाडता येत नाही, अख्खी बारीक तुकड्यांत फुटते, म्हणून ती तयार मापातच घ्यावी लागते. साधी खिडकीची काच दारात बसवू नका. फुटली की तिचे पातळ धारदार सुरे होतात.

बाकी सामान: रुंद प्लॅस्टिकची पट्टी, रबरी हातोडी, तारेचा ब्रश, गंजावर फवारायचं तेल, पांढरं लिथियम ग्रीस, सिलिकॉन स्प्रे, काँटॅक्ट अॅडहेसिव्ह (रबर चिकटवायचं सोल्यूशन), ब्यूटाइलची चिकट पट्टी, जाड प्लॅस्टिक शीट, मास्किंग टेप. जाड हातमोजे घ्याच. दाराच्या पोटातल्या पत्र्याच्या कडा मनगट कापतात, आणि हात आत अडकलेला असताना ते कळतं.

आदल्या रात्री चॅनलच्या, तिकोनी काचेच्या आणि रेग्युलेटरच्या सगळ्या स्क्रू-बोल्टवर गंजाचं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी निम्मा त्रास वाचतो.

## ४. दार उघडणं

काच पूर्ण वर करा आणि हँडल कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो काढा. परत बसवताना हँडल गुडघ्याला लागू नये म्हणून हे लागतं.

हँडलच्या मधोमध स्क्रू नसेल तर ते मागच्या बाजूला घोड्याच्या नालेसारख्या तारेच्या क्लिपवर आहे. हँडल आणि पॅडच्या मधल्या फटीत एक जुनं सुती कापड घाला, दोन्ही टोकं धरा आणि जोडे पुसतात तसं मागे-पुढे ओढा. कापडाचा धागा क्लिपच्या टोकाला अडकतो आणि क्लिप उडते. उडते म्हणजे खरंच उडते, म्हणून दुसरा हात वर धरा.

मग हाताचा टेका, लॉकचं बटण आणि पॅड. प्लॅस्टिकची पट्टी अगदी क्लिपच्या शेजारी घालून उचला. दोन क्लिपच्या मधे जोर दिला की पुठ्ठा फाटतो.

पॅडमागे प्लॅस्टिक असेल तर नशीब. हेअर ड्रायरने चिकट पट्टी कोमट करून सावकाश सोडवा. फाटलं असलं तरी जपून ठेवा, नवं कापायला नमुना म्हणून लागेल.

इशारा: यापुढे काच फक्त रेग्युलेटरच्या भरवशावर ठेवू नका. काच वर करून चौकटीवरून दोन्ही बाजूंना रुंद मजबूत टेप लावा. हात दारात असताना सुटलेली काच बोटांवरच पडते.

## ५. काच बाहेर काढणं

हा क्रम पाळा, नाहीतर काच मधेच अडकते:

1. हँडल तात्पुरतं लावा, टेप काढून काच खाली घ्या, खालचं चॅनल दाराच्या पोटातल्या मोठ्या भोकासमोर येईपर्यंत.
2. फटीतल्या आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्या काढा. स्क्रूच्या असतील तर सोपं. क्लिपच्या असतील तर टोक वाकवलेल्या तारेने प्रत्येक क्लिप सरळ वर ओढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की दाराच्या पत्र्याला खळगा पडतो आणि तो रंगावर कायम दिसतो.
3. तिकोनी काच असेल तर तिचे स्क्रू सोडा: वर एक, पुढच्या कडेला एक-दोन, आणि मधल्या दांड्याच्या तळाशी एक. तळाचा स्क्रू विसरून लोक वरून खेचत बसतात.
4. काच हाताने धरून ठेवा, दुसऱ्या माणसाला रोलर चॅनलच्या टोकातून सरकवून काढायला सांगा. काच तळाशी टेकवा.
5. तिकोनी काच मधल्या दांड्यासकट मागे झुकवून वर काढा. मोकळ्या झालेल्या जागेतून मुख्य काच पुढचं टोक खाली झुकवत फिरवा आणि फटीतून वर घ्या.

काच घडी घातलेल्या कापडावर उभी ठेवा, कडेला काहीतरी टेकून. आडवी ठेवली की तिच्यावर कुणीतरी पाना ठेवतोच.

रेग्युलेटर काढायचाच असं नाही. सहज फिरत असेल, खेळ नसेल, तर जागेवरच रॉकेलने धुवा, सुकवा आणि दातांवर, रोलरवर पातळ ग्रीस लावा. दात झिजले असतील तर बदलावा लागेल. रिव्हेटने बसवलेला असेल तर रिव्हेटचं डोकं ड्रिलने काढून नंतर बोल्ट घाला.

इशारा: रेग्युलेटरवर घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते. ती ताणलेली असते आणि काचेचा भार पेलते. काच काढल्यावर तिच्या जोराला तोलणारा भार राहत नाही. पॉवर विंडोची मोटर सोडण्याआधी दातांची पट्टी आणि पाया यांच्यातून बोल्ट आरपार घालून लॉक करा. नाहीतर रेग्युलेटरचा हात झटक्यात फिरतो आणि बोट मधे असेल तर मोडतं.

## ६. दाराचं पोट

आता दार रिकामं आहे. इतकं मोकळं ते पुन्हा कधी मिळणार नाही, म्हणून इथे घाई नको.

तळाशी साचलेली माती, सुकी पानं, जुनं ग्रीस हाताने काढा, मग व्हॅक्यूम. निचऱ्याची भोकं बाहेरून खालच्या कडेला शोधा. ती अनेकदा लहान, लांबट आणि रंगाने बुजलेली असतात. जाड तारेने मोकळी करा. गंज तारेच्या ब्रशने घासा, गंजरोधक लावा, प्रायमर मारा आणि वाळल्यावर तळाच्या शिवणीत वॅक्स फवारा. तळाला डांबरासारखा जाड लेप देऊ नका. तो एक दिवस पापुद्र्यासारखा सुटतो, भोकांत बसतो आणि त्याच्याखाली ओल अडकून पत्रा आतून खाल्ला जातो. दाराचा तळ सडलेले बहुतेक ट्रक असेच सडलेले असतात.

तपासा: लिटरभर पाणी फटीतून आत ओता. ते लगेच खालून वाहायला लागलं पाहिजे आणि शेवटी आत डबकं उरता कामा नये. वॅक्स फवारल्यानंतर पुन्हा एकदा तार फिरवा.

## ७. काचेचं खालचं चॅनल

काच खालच्या लोखंडी चॅनलमध्ये रबरी पट्टीवर दाबून बसवलेली असते. चॅनल काढण्याआधी काचेवर मार्करने त्याची दोन्ही टोकं आखा. चॅनल एक-दोन सेंटीमीटर पुढे-मागे बसलं तर काच आयुष्यभर तिरकी चढते, आणि मग लोक दोष रेग्युलेटरला देतात.

जुनं रबर सुकून दगड झालेलं असतं. हीट गनने चॅनल गरम करा, काच नाही. आणि एका टोकापासून लाकडाच्या तुकड्यावर हलके ठोके देत सरकवा. चॅनल आणि काचेच्या मधे लोखंडी काहीही घालू नका. टफन्ड काचेची कड हाच तिचा कच्चा भाग आहे.

चॅनल गंजून आतून फुगलं असेल तर ते बदला किंवा पूर्ण स्वच्छ करून रंगवा. नवी रबरी पट्टी काचेच्या कडेवर दुमडून बसवा, साबणाच्या पाण्याने ओली करा, काच उलटी उभी धरून चॅनल वरून बसवा आणि लाकूड ठेवून रबरी हातोडीने मधून टोकांकडे ठोका. चॅनल हाताच्या जोराने सहज बसलं तर पट्टी पातळ आहे. जाड घ्या. गोंद लावून पातळ पट्टी चालवून घेऊ नका. बाहेर आलेलं रबर ब्लेडने छाटा आणि काच एक दिवस तशीच ठेवा.

## ८. फेल्ट चॅनल

काच सुरळीत चालणं याच पायरीवर ठरतं. चौकटीच्या मागच्या, वरच्या बाजूने आणि मधल्या दांड्यात हे इंग्रजी यू आकाराचं, आतून मखमली पोताचं चॅनल बसतं. जुनं काढताना त्याच्या तळाशी लपलेले स्क्रू किंवा क्लिप शोधा, चौकटीतला गंज घासा, रंग द्या, वाळू द्या.

नवं चॅनल मागच्या बाजूच्या तळापासून वर, वरून पुढे असं एका तुकड्यात बसवता आलं तर उत्तम. कोपऱ्यात ते वाकत नाही, चुरगळतं. म्हणून वाकवायच्या जागी आतल्या दोन्ही ओठांना व्ही आकाराची खाच द्या. पाठ कापू नका. पाठ अखंड राहिली तरच कोपऱ्यातून पाणी आत येत नाही. लाकडाच्या गोल ठोकळ्यावर हळू वाकवा आणि मग चौकटीत आधी कोपरा बसवा, त्यानंतर सरळ भाग.

लांबी थोडी जास्त ठेवा आणि चॅनल आतल्या बाजूला दाबत बसवा. ओढून बसवलं की काही महिन्यांत ते टोकाकडून आकसतं.

स्क्रूची डोकी मखमलीच्या खाली गेली आहेत ना, हे बोट फिरवून बघा. एकच डोकं वर राहिलं तर काचेवर उभा ओरखडा पडतो, आणि तो पॉलिशने जात नाही. चॅनलमध्ये ग्रीस किंवा इंजिन ऑइल घालू नका. धूळ चिकटून त्याचं पॉलिश पेपर होतं. सिलिकॉन स्प्रे तेवढा, तोही सुकू द्या.

तपासा: काच दारात घालण्याआधी तिची एक कड हातात धरून मोकळ्या चॅनलमध्ये फिरवा. ती बोटांच्या जोराने सरकली पाहिजे, पण डावी-उजवी वाजता कामा नये.

## ९. काच परत आत

काढण्याच्या उलटा क्रम, पण आवळण्याचा क्रम वेगळा. रेग्युलेटर बसवा, बोल्ट पूर्ण आवळू नका. काच आत घ्या, मग तिकोनी काच आणि मधला दांडा, तेही ढिले. रोलर चॅनलमध्ये घाला. आता काच पूर्ण वर करा, ती चौकटीत स्वतःची जागा घेईल. या स्थितीत मधल्या दांड्याचा वरचा स्क्रू आवळा. काच पूर्ण खाली घ्या आणि मग दांड्याचा तळाचा स्क्रू आवळा. शेवटी रेग्युलेटरचे बोल्ट.

काच वर जाताना मोकळी आणि खाली जाताना जड असेल, तर दांड्याचा तळ आत झुकलाय. तळाचा स्क्रू सोडून दांडा दोन-तीन मिमी पुढे ढकला. उलटं असेल, म्हणजे शेवटचे चार बोट चढताना जड, तर वरची चौकट वाकलेली आहे किंवा कोपऱ्यात चॅनल चुरगळलंय. जोर लावून हँडल फिरवत राहू नका, दात तिथेच जातात.

फटीतल्या पट्ट्या आता बसवा. काही दारांत काच पट्ट्यांमधून जाते, तिथे त्या आधी बसवाव्या लागतात. काढताना जो क्रम लागला त्यावरून कळेलच. दोन्ही पट्ट्यांचा मखमली ओठ काचेला पूर्ण लांबीभर टेकला पाहिजे. दाराचा पत्रा मधे बाहेर फुगलेला असेल तर तिथे फट राहते. पत्रा हाताने आत दाबून बघा, बरेचदा तेवढ्याने जुळतं.

तिकोनी काचेचं रबर साबणाच्या पाण्याने बसवा, तेल नको. खालच्या खुंटीची स्प्रिंग इतकीच आवळा की काच वाऱ्याने फिरणार नाही पण हाताने फिरेल.

## १०. दाराचं रबर

आता कुठे रबराची पाळी.

जुनं सोल्यूशन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेलं गोंद काढायच्या द्रावणाने पुसा. ते आधी न दिसणाऱ्या जागी रंगावर लावून बघा. थिनर नव्या रंगाला सुरकुत्या पाडतो. शेवटी पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून कोरडा करा. धूळ किंवा सिलिकॉन स्प्रेचा थर राहिला तर कुठलंही सोल्यूशन धरत नाही. म्हणूनच सिलिकॉन फवारायचं काम या पायरीच्या आधी, आणि फवारताना कडा झाकून.

रबर गुंडाळीतून काढून तासभर उन्हात किंवा कोमट खोलीत मोकळं पसरा. मग सोल्यूशन न लावता मास्किंग टेपने अख्ख्या दारावर बसवून दार बंद करा. ओठाची दिशा, कोपरे, लॉकची जागा, सगळं आत्ता बघा. दुसऱ्या पायरीत लिहिलेले फटीचे आकडे इथे कामी येतात.

चिकटवताना:

1. जोड दाराच्या खालच्या कडेला येऊ द्या, कोपऱ्यापासून दूर. वर आला तर प्रत्येक पाऊस त्याच्यावरून जाईल.
2. आधी चारी कोपरे चिकटवा, मग मधले भाग.
3. दोन्ही पृष्ठभागांवर सोल्यूशनचा पातळ थर द्या. एका वेळी वीतभर. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मगच दाबा. ओलं असताना दाबलं की रबर घसरतं, आणि लोक नेमकं इथेच घाई करतात.
4. रबर ओढू नका. उलट किंचित दाबत, मागे ढकलत बसवा. ताणलेलं रबर आकसून कोपऱ्यातून उचललं जातं आणि जोड उघडा पडतो.
5. जोडाशी दोन-चार मिमी जास्त ठेवून सरळ कापा, टोकं एकमेकांवर दाबून चिकटवा.

पोकळ रबराला जागोजागी बारीक भोकं असतात. दार लागताना आतली हवा तिथून जाते. ती सोल्यूशनने बुजवू नका. बुजली की दार उशीसारखं परत ढकलतं.

रबराच्या तोंडावर टाल्कम पावडर लावा, दार लावून रात्रभर ठेवा. सकाळी दार जड लागेल. लगेच स्ट्रायकरला हात लावू नका. रबर बसायला आठ-पंधरा दिवस द्या. त्यानंतरही आपटावं लागत असेल तर फट मोजताना कुठेतरी चुकलंय किंवा रबर जाड आलंय.

## ११. प्लॅस्टिक आणि पॅड

नवं प्लॅस्टिक जुन्याच्या मापाने, दोन बोटं जास्त ठेवून कापा. वर आणि बाजूंना ब्यूटाइलची पट्टी फिरवा. खालची कड मात्र पॅडच्या बाजूला नाही, दाराच्या आत, पत्र्याच्या फटीत सरकवा. प्लॅस्टिकवरून ओघळणारं पाणी परत दाराच्या पोटात पडलं पाहिजे. ही एक कड बाहेर राहिली तर सगळं पाणी पॅडवर येतं. हँडलच्या दांड्यासाठी मोठं भोक नको, ब्लेडने लहान फुलीची चीर पुरे.

इथे व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. वाळताना ते आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरवतं. शिवाय पुढच्या वेळी दार उघडणाऱ्याला प्लॅस्टिक फाडण्यावाचून पर्याय राहत नाही.

## १२. शेवटची परीक्षा

सोल्यूशन पूर्ण वाळू द्या, किमान एक दिवस. मग कागदाच्या लांब पट्ट्या घ्या. दाराभोवती वीत-वीत अंतरावर पट्टी ठेवून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखा अडथळा लागला पाहिजे. एखाद्या जागी पट्टी सरकन निघाली तर तिथे टेपने खूण करा. त्या जागी रबराच्या पायाखाली पातळ रबरी पट्टी घालून उंची वाढवता येते. स्ट्रायकर आवळून ती फट भरायला गेलात तर बाकी सगळीकडे रबर जास्त दबेल.

त्यानंतर नळी, पहिल्यासारखीच, खालून वर.

शिट्टी अजून वाजत असेल तर बाहेरून सगळ्या फटींवर मास्किंग टेप लावा, दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या आणि तुम्ही कान देऊन बसा. आवाज बंद झाला तर थांबून एकेक टेप काढा. ज्या टेपनंतर शिट्टी परत आली, ती जागा. जुन्या ट्रकमध्ये ती बरेचदा तिकोनी काचेच्या वरच्या टोकाला किंवा आरशाच्या पायाशी निघते.

वर्षातून दोनदा रबर साबणाच्या पाण्याने पुसा आणि सिलिकॉन कापडावर घेऊन फिरवा. चमक यावी म्हणून डिझेलचा फडका मारायची सवय अनेकांना असते. ईपीडीएम तेलाने फुगतं आणि मऊ होतं, महिन्याभरात कोपरे लोंबतात. पावसाळ्यात सगळं धुऊन झालं की दाराच्या खालच्या भोकांत एकदा तार फिरवायला विसरू नका.